नाही समजलं, पुन्हा सांगा

माझा मामा पाणबुडीत होता, हे आमच्या गावात कोणी खरं मानत नव्हतं.

नौदलात होता, एवढं मानत. पांढऱ्या कपड्यातला त्याचा फोटो आजीच्या घरी भिंतीवर होता, त्यामुळे नाही म्हणायला जागा नव्हती. पण पाणबुडी म्हटलं की लोक हसत. नव्व्याण्णव साली तो पेन्शन घेऊन तिरोड्याजवळच्या आमच्या गावी परतला, तेव्हा मी अकरावीत होते. चहाच्या टपरीवर एकदा तो सांगून बसला, की दोन पाणबुड्या समुद्राच्या पोटात एकमेकींशी बोलतात. तारेवर नाही, रेडिओवर नाही. सरळ माणसाच्या आवाजात. त्यावर एक जण म्हणाला, "पान्याखाली बोलता आलं असतं तं मास्यायनं ग्रामसभा भरवली असती." ते वाक्य संध्याकाळपर्यंत गावभर झालं. पुढचे कित्येक महिने मामा दिसला की पोरं तोंडाचा चंबू करून माशासारखं ओठ हलवत.

मामाला राग यायचा, पण तो उलट बोलायचा नाही. मला मात्र फार राग यायचा. आमच्या पोवार-कुणब्यांच्या गावात आमची बौद्ध घरं टोकाला होती. त्या टोकावरचा माणूस समुद्राच्या तळाशी जाऊन आला, हेच काहींना सहन होत नव्हतं, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं.

एकदा अंगणात तो शेंगा फोडत बसला होता. मी विचारलं, "मामा, खरंच बोलता येते का पाण्याखाली?"

"तू बी त्यायच्यातलीच का?"

"नाही. मले समजून घ्याचं आहे."

मग तो नीट बसला. "हे पाय, पोरी. रेडिओ पान्यात चालत नाई. थोडासा गेला का मेला. मंग बोलाचं कसं? आवाजानंच. बोटीच्या अंगाले एक भोंगा असते, तो पान्यात बोलते. दुसऱ्या बोटीचा कान आयकते."

"अन् समजते का सगळं?"

"कायचं सगळं! इहिरीत तोंड घालून कोनी बोलून राहिला अन् तू दुसऱ्या इहिरीत बसून आयकून राहिली, असं वाटते. एक शब्द आला का त्याची शेपटी पुढच्या शब्दावर पडते. आवाज वरतून पान्याच्या पाठीले आपटून येते, खालतून मातीले आपटून येते. एक 'हो' म्हटलं तं तीन येतात. म्हनून एकेक शब्द सुटा बोला लागते. बोलला, थांबला. बोलला, थांबला."

त्या दिवशी त्यानं मला एक गोष्ट सांगितली. ती त्यानं टपरीवर कधीच सांगितली नाही.

दोन पाणबुड्या पाण्याखाली सराव करत होत्या. टक्कर होऊ नये म्हणून दोघींनी वेगवेगळ्या खोलीवर राहायचं ठरलेलं होतं. मधेच दुसऱ्या बोटीनं कळवलं, की आम्ही खोली बदलतोय. कानाला यंत्र लावून मामा बसला होता. शब्द आले, पण आकडा नेमका शेपटीत अडकला. मामाला दोन आकडे ऐकू आल्यासारखे वाटले. शेजारी उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला एकच ऐकू आला होता. तो म्हणाला, समजलं, पोचल्याचं सांगून टाक. मामा म्हणाला, "सर, मला नाही समजलं. पुन्हा विचारतो."

"मला समजलंय."

"मला नाही समजलं, सर."

आणि त्यानं पुन्हा विचारलं. दुसऱ्या बोटीनं पुन्हा सांगितलं. आकडा अधिकाऱ्यानं ऐकला होता तोच निघाला. मामाला सगळ्यांसमोर शिव्या बसल्या. कान साफ करून ये म्हणाले. त्या वर्षीची त्याची सुट्टी कापली. आजी आजारी होती, तरी त्याला घरी येता आलं नाही.

"म्हणजे साहेबाचंच बरोबर होतं," मी म्हटलं.

"साहेबाचंच बरोबर होतं," मामा म्हणाला. शेंगेचं टरफल त्यानं बोटांनी चुरडलं. "पन मी चुकलो नाई."

हे वाक्य मला त्या वयात पूर्ण कळलं नाही. पण ते डोक्यात राहिलं. शाळेत आणि पुढे कॉलेजात आम्ही सगळे समजलं-समजलं म्हणून माना डोलवायचो. फळ्यावर काय चाललंय ते पहिल्या बाकालाही कळायचं नाही, पण "समजलं का?" असं विचारलं की वर्ग एका आवाजात "हो". मी हात वर करायला लागले. नाही समजलं सर, पुन्हा सांगा. वर्ग हसायचा. गोंदियाच्या कॉलेजात तर माझी भाषाही हसण्याचा विषय होती. तिथं मुलं-मुली हिंदीत बोलत. मी तोंड उघडलं की मला आणि का यांच्या जागी "मले" आणि "काऊन" बाहेर पडायचं. मागून कोणीतरी "काऊन वं" म्हणून माझा आवाज काढायचं. मी काढू द्यायचे. त्यांच्यासारखं बोलायचा प्रयत्न मी मुद्दाम केला नाही.

एमएस्सीला भौतिकशास्त्र घेतलं. शेवटच्या वर्षी प्रकल्प करायचा होता. मी विषय लिहून दिला: पाणबुड्यांमधल्या आवाजी संभाषणाची स्पष्टता. आमचे मार्गदर्शक सर गोंदियाचेच, बाजारात त्यांच्या घरचं कापडाचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता. पण आपल्या विद्यार्थ्यानं मागच्या वर्षीचाच प्रकल्प पुन्हा करावा, इतकीच त्यांची अपेक्षा असायची. कागद वाचून ते चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिले.

"बेटा, गोंदिया में समुंदर कहाँ से लाओगी?"

"सर, समुद्र नाही. तलाव आहेत."

"अरे, तलाव में सबमरीन चलाओगी क्या?"

स्टाफरूममधले बाकीचे हसले. मीही हसले, कारण चित्र खरंच मजेदार होतं. मग म्हटलं, "पाणबुडी नको सर. बोलणारा एक आणि ऐकणारा एक, मधे पाणी. एवढं पुरे."

"विषय बदल," ते मराठीवर आले, म्हणजे आता गंभीर होते. "बाहेरून परीक्षक येतात. ते विचारतील, मी काय सांगू? सौर कुकर घे. सगळं तयार आहे."

"सौर कुकरमध्ये मले काही विचाराचं नाही, सर."

ते चिडले. पण विषय बदलायची सक्ती करता येत नव्हती आणि मी तर बदलणार नव्हते. शेवटी त्यांनी सही केली आणि वर म्हणाले, "फेल झालीस तर माझ्याकडं रडत यायचं नाही."

"नाही येणार."

घरी येऊन मामाला सांगितलं, तर तो उठला, हात धुतले, पुन्हा येऊन बसला आणि म्हणाला, "भोंगा कुठून आनाचा?"

भोंगा मिळाला विहारातून. लाउडस्पीकरचं एक जुनं युनिट अडगळीत पडलं होतं. ते आम्ही सायकलच्या ट्यूबमध्ये घालून दोन्ही तोंडं गच्च बांधली, वरून खिडकीच्या काचेला लावतात ती लांबी थापली. ऐकायला मी बझरमधली पातळ पितळी चकती घेतली, तिला लांब तार जोडली आणि मेणात बुडवून बंद केली. हा आमचा पाण्यातला कान. स्कूटरची बॅटरी, विहाराच्या सेटचा अॅम्प्लिफायर, वॉकमनचा हेडफोन. पहिल्यांदा अंगणातल्या टाक्यात सोडून पाहिलं. मामा माइकमध्ये "हॅलो" म्हणाला आणि माझ्या कानात बेडूक ओरडल्यासारखं झालं. आई चुलीजवळून म्हणाली, "झालं का तुमचं पान्यातलं बोलनं? मंग जेवाले या, हे वरचं बोलनं आयका."

गावचा तलाव जवळ होता. तिथं अडलं.

तलावात त्या वर्षी शिंगाडा लावला होता आणि मासेही सोडले होते. तलावाचं काम बघणारा गावातला एक वजनदार माणूस होता. तो पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, येऊन उभा राहिला. यंत्रामुळे मासे बिचकतील, तो म्हणाला. मामानं समजावलं, की आवाज माणसाच्या बोलण्याएवढाच आहे. तो म्हणाला, नको. मी कॉलेजचं पत्र दाखवलं. तो म्हणाला, कॉलेज कॉलेजात. मग माझ्याकडं न बघता मामाकडं बघून म्हणाला, "तुमच्या लोकायनं आता तलावात यंत्रं सोडाची, एवढंच राहिलं होतं."

मामा नेहमी गप्प बसायचा. त्या दिवशी बसला नाही.

"आमच्या लोकायनं म्हंजे?"

"म्हंजे काही नाई."

"नाई, मले समजलं नाई. पुन्हा सांग."

तो माणूस इकडं तिकडं बघायला लागला. पाळीवर चार-पाच जण जमले होते.

"सांग ना," मामा शांतपणे म्हणाला. "मोठ्यानं सांग. मी मागं बसून आयकनारा मानूस नाई आता."

तो पुन्हा सांगू शकला नाही. जे पहिल्यांदा सहज तोंडातून जातं, ते दुसऱ्यांदा स्पष्ट उच्चारून म्हणणं फार अवघड असतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. मामा म्हणाला, "पानी सरकारचं आहे. शिंगाड्याले हात लावत नाई, मास्याले हात लावत नाई. आमी उद्या सकारी येऊ. तुले अडवाचं असंन तं पोलीस घेऊन ये." आणि आम्ही दुसऱ्या दिवशी भर उजेडात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेलो. कोणी आलं नाही.

एवढं भांडून मिळवलेल्या पाण्यात आवाज काही आला नाही, ही गोष्ट वेगळी. तलाव उथळ, तळाला गुडघाभर गाळ, मधे शिंगाड्याच्या वेलांचं जाळं. मामा या काठावरून बोलायचा आणि त्या काठाला माझ्या कानात नुसता घोगरा लगदा यायचा. दिवसभर उन्हात बसून मी एक शब्द ओळखू शकले नाही. संध्याकाळी तार गुंडाळताना मामा म्हणाला, "हक्क मिळाला, आवाज नाई मिळाला." आम्ही दोघं पोट धरून हसलो. पाळीवरून जाणाऱ्यांना वाटलं असेल, यांचं काम फत्ते झालं.

मग आम्ही बोदलकशाच्या मोठ्या तलावावर गेलो.

तिथलं पाणी खोल. भोवती जंगलाचे डोंगर. मासे धरणारे एक काका मामाच्या ओळखीचे निघाले. त्यांचा लाकडाचा डोंगा होता, लहान होडीसारखा, आणखी एक त्यांच्या भावाचा. काकांना आमचं काम काय ते विचारायची गरजच वाटली नाही. "बसा," म्हणाले, "पन उभं राहू नका. डोंगा उलटला तं तुमचं बोलनं खरंच पान्याखाली होईन."

एका डोंग्यात मामा आणि भोंगा, दुसऱ्यात मी आणि कान. काय बोलायचं ते मी ठरवून दिलं होतं. अर्थ लागणारं वाक्य दिलं, की न ऐकू आलेलं आपलं डोकंच भरून काढतं आणि आपल्याला वाटतं ऐकू आलं. म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले शब्द, आणि ते मामानं मनाला येतील तसे म्हणायचे. पहिल्या सकाळी मी तार पाण्यात सोडली, हेडफोन लावला. आधी पाण्याचा आवाज आला. पाण्याला स्वतःचा आवाज असतो, वल्ह्याचा, बुडबुड्यांचा, लांब कुठंतरी दगडावर दगड वाजल्याचा. आणि मग त्या सगळ्याच्या मधून, जणू कोणी माझ्या डोक्याच्या आत उभं राहून बोलावं, तसा मामाचा आवाज आला.

"कुदळ."

मग शांत. मग, "वांगं." मग, "जावई."

मी डोंग्यात रडायला लागले. काका घाबरले. "काऊन वं बाई, का झालं?"

"जावई," मी म्हटलं. त्यांना काही कळलं नाही.

चैत्रात आम्ही जमेल तेव्हा जात राहिलो. मामा भरभर बोलला की शब्दावर शब्द पडायचे, सुटं बोलला की उठून दिसायचे. आवाजातला जाड घोगरा भाग यंत्रावर कमी केला की आणखी स्पष्ट व्हायचे. हे सगळं मामानं सांगितल्याप्रमाणेच होतं. पण एक गोष्ट त्याच्याही बोलण्यात कधी आली नव्हती. सकाळी स्वच्छ येणारा आवाज दुपारी बुडायचा. तोच डोंगा, तीच जागा, तेवढंच अंतर. आणि दुपारी कानात काहीच नाही. आम्ही बॅटरीला दोष दिला, तारेला दिला, मामाच्या घशाला दिला. शेवटी मी कॉलेजातून तापमापी आणली आणि दोरीला बांधून खाली सोडली. वर पाणी आंघोळीच्या पाण्याएवढं तापलेलं, पुरुषभर खाली गार. आवाज गार पाण्याकडं वाकतो, हे पुस्तकात वाचलं होतं. म्हणजे मामाचा आवाज येत होता, पण माझ्या कानाच्या खालून जात होता. मी तार सोडत गेले, सोडत गेले, आणि खोल कुठंतरी तो सापडला. "...पिंपळ." थांबून, "चप्पल."

मी मामाला ओरडून सांगितलं. तो लांबून हात हलवून म्हणाला, "नाई समजलं! पुन्हा सांग!"

परीक्षा आली. बाहेरचे परीक्षक समुद्राकडच्या एका विद्यापीठातले, वयस्कर, शुद्ध बोलणारे. आमच्या सरांनी मला बजावलं होतं, की विभागातच बादलीत काहीतरी दाखव आणि मोकळी हो. मी म्हटलं, बादलीत काही दिसत नाही, तलावावर चला. सर म्हणाले, शक्य नाही. मी परीक्षकांनाच विचारलं. सरांचा चेहरा पडला.

"किती लांब आहे?" परीक्षकांनी विचारलं.

"तिरोड्याच्या पुढं, सर. गाडी करावी लागेल."

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर ऊन रणरणत होतं. मग त्यांनी इंग्रजीत काहीतरी भराभर विचारलं. माझ्या विषयाबद्दलच होतं, पण मला त्यातले दोन शब्दही धरता आले नाहीत. स्टाफरूममध्ये सगळे माझ्याकडं बघत होते. मान डोलावली असती, तर निभावलं असतं.

"नाही समजलं, सर," मी म्हटलं. "पुन्हा सांगा. सावकाश."

आमच्या सरांनी कपाळाला हात लावला. परीक्षकांनी मात्र प्रश्न पुन्हा विचारला, सावकाश, आणि या वेळी मराठीत. बोलणाऱ्याचं चुकलं की पाण्याचं, हे तू कसं ठरवलंस? चांगला प्रश्न होता. मी म्हटलं, "ते तलावावरच सांगता येईल."

ते उठले.

आम्ही पोचेपर्यंत दुपार झाली होती. मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, म्हणून मामा इस्त्रीचा शर्ट घालून डोंग्यात बसला होता. परीक्षकांना काकांनी हात धरून दुसऱ्या डोंग्यात बसवलं. आमचे सर काठावरच थांबले. मी कान थोडाच पाण्यात सोडला आणि हेडफोन परीक्षकांना दिला. मामा बोलताना लांबून दिसत होता. परीक्षकांनी बराच वेळ ऐकलं आणि मान हलवली.

"काही नाही."

काठावरून सर ओरडले, "मी म्हटलंच होतं!"

"हेच दाखवायचं होतं, सर. बोलणारा तोच आहे, आता फक्त कान खाली नेते," मी परीक्षकांना म्हटलं आणि तार खाली सोडायला लागले. त्यांच्या चेहऱ्याकडं बघत सोडत होते. एका क्षणी त्यांच्या भुवया वर गेल्या.

"पाताळ," ते म्हणाले.

मी मामाकडं बघून हातानं विचारलं. तो ओरडला, "पातेलं!"

"पातेलं होतं, सर."

ते हसले, पण लगेच विचारलं, "मग तुझी स्पष्टता कुठं आहे? मला तर पाताळ ऐकू आलं."

"नाही आहे, सर. पूर्ण स्पष्टता नाहीच आहे, समुद्रातही नाही. किती नाही आणि काऊन नाही, तेवढं मी शोधलं." 'काऊन' निसटलं, आणि मी ते सुधारलं नाही. "सकाळी आला असता तर जास्त शब्द कळले असते. दुपारी वरच्या पाण्यात काही कळत नाही, खालच्या पाण्यात थोडं कळतं. तुम्हाला पाताळ ऐकू आलं म्हणून तुम्ही मला विचारलंत. न विचारता तुम्ही पाताळच धरून बसला असता, तर मात्र घात झाला असता."

त्यांनी हेडफोन पुन्हा लावला आणि उन्हात, रुमाल डोक्यावर टाकून, मामाचे शब्द ऐकत बसले. काकांनी शेवटी मला खूण केली, की या बुढ्याला चक्कर येईल.

गुण मध्यमच मिळाले. इंग्रजीतलं लिखाण कच्चं आहे, असा शेरा होता आणि तो खरा होता. पण जाताना परीक्षकांनी मामाचा हात हातात घेतला आणि विचारलं, "कोणत्या बोटीवर होतात?" मामानं सांगितलं. गावात इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता.

पुढच्या वर्षी माझ्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली. एक स्थळ भंडाऱ्याकडचं आलं. मुलाच्या वडिलांनी विचारलं, शिक्षण कशात? भौतिकशास्त्रात, पाणबुड्यांमधल्या बोलण्यावर, मी सांगितलं. ते हसून म्हणाले, "असं कोनाले सांगू नको, बाई. फिजिक्स म्हनत जा नुसतं. लोक का म्हनतील?" मुलगाही हसला. चहाचे कप घेऊन मी आत गेले आणि आईला म्हटलं, यांना नाही म्हण. तिला शिकलेला मुलगा हवा होता आणि हा शिकलेला होता. पण ती बाहेर जाऊन म्हणाली, "आमची पोरगी जे करते ते सांगतेच. तुमाले चालत नसंन तं राहू द्या." नंतर तिनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, ते वेगळं.

मी समुद्राकडं गेले ती त्यानंतर. त्याच परीक्षकांच्या प्रयोगशाळेत मला तात्पुरती जागा मिळाली आणि माझाच विषय मिळाला. पाण्यातून आलेला आवाज लोकांना ऐकवायचा आणि किती समजलं ते तपासायचं. प्रत्यक्ष चाचणीच्या वेळी कळलं, की बाईला पाणबुडीत जाता येणार नाही. मी कारण विचारलं. तसा नियम आहे म्हणाले. नियम कुठं लिहिलाय, दाखवा म्हटलं. दाखवला नाही, पण आतही घेतलं नाही. मी इतकी भांडले, की शेवटी वर तरंगणाऱ्या बोटीवर मला हेडफोन देऊन बसवण्यात आलं. उलट्या होत होत्या. पायाखाली कुठंतरी दोन पाणबुड्या होत्या आणि एक माणूस दुसऱ्याला काहीतरी सांगत होता, भराभर, घाईत. मला निम्मंही कळलं नाही. दुसऱ्यानं लगेच "समजलं" म्हटलं.

किनाऱ्यावर आल्यावर मी तिथल्या अधिकाऱ्याला विचारलं, "त्याला खरंच समजलं होतं का?"

"तो म्हणाला ना समजलं."

"तुम्ही विचारून बघा."

त्यानं कपाळावर आठ्या घातल्या. "मॅडम, आम्ही वर्षानुवर्षं बोलतोय. आता बोलायला तुमच्याकडून शिकायचं?"

"हो," मी म्हटलं.

त्यानं विचारलं की नाही, मला माहीत नाही. माझ्या अहवालात मी ते स्पष्ट लिहिलं: बोलणारा घाईत होता, ऐकणाऱ्यानं न समजता होकार दिला असण्याची शक्यता आहे. वरिष्ठांनी ते वाक्य काढायला सांगितलं. मी काढलं नाही. पुढे माझी मुदत वाढली नाही. दोन्हींचा संबंध होता असं मी सिद्ध करू शकत नाही.

मी गोंदियाला परत आले आणि एका ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागले. पहिल्याच आठवड्यात एका सहकाऱ्यानं डबा खाताना म्हटलं, "आखिर वापस ही आना पडा ना, मॅडम? समुंदर छोड के?"

"आना पडा नाही," मी म्हटलं. "मी आले." आणि त्याच्या डब्यातलं लोणचं उचलून घेतलं, कारण ते माझ्या डब्यातल्यापेक्षा चांगलं दिसत होतं.